‘आधी सगळं लिहून तर आणा, मग बघू’

मराठीत चांगल्या मिनी सिरीज का होत नाहीत यावर अधूनमधून चर्चा झडते आणि उत्तरं ठरलेली असतात, बजेट नाही, प्रेक्षक हिंदीच बघतो, ओटीटी प्लॅटफॉर्मवाल्यांना मराठीत रस नाही, निर्माते धाडस करत नाहीत वगैरे वगैरे. ही सगळी कारणं थोडी थोडी खरी आहेत, नाही असं नाही. पण त्याच्याही आधीची एक पायरी आहे आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कॅमेरा लागायच्या आधी, निर्माता सापडायच्याही आधी, लेखक जे सहा-आठ महिने किंवा वर्षभर बसून लिहितो त्याचे पैसे कोण देतं? कोणीच देत नाही. लेखकच देतो, म्हणजे त्याची बायको देते, नाहीतर आईबाप देतात, नाहीतर हिंजवडीतली नोकरी देते. हे फुकटचं लिहिणं बंद झालं पाहिजे असं माझं मत आहे, आणि लेखकाची कणव म्हणून नाही, तर आपल्या पडद्यावर कुठल्या गोष्टी येतात आणि कुठल्या येतच नाहीत हे या फुकटेपणावरून ठरतं म्हणून.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिनी सिरीज म्हणजे साधारण सहा ते आठ एपिसोड, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटांचे, गोष्ट तिथेच संपते, टीआरपी आहे तोवर ताणत बसायची नसते. आठ एपिसोड धरले तर ३२० मिनिटं, म्हणजे जवळजवळ अडीच सिनेमे झाले. हे विकायला जाताना आधी लॉगलाइन लागते, एक-दोन ओळींची. मग एक पानी सारांश. मग बायबल, म्हणजे सगळी पात्रं, त्यांचा भूतकाळ, गोष्टीचं जग, सूर कसा असणार, प्रत्येक एपिसोडमध्ये काय घडतं आणि तो कुठे थांबतो, हे तीस-चाळीस पानांत. मग पायलट, म्हणजे पहिल्या एपिसोडची संवादांसकट पूर्ण पटकथा, ती चाळीस-पंचेचाळीस पानं. आणि हल्ली याच्यावर डेक, रंगीत स्लाइड्सचा, कारण बायबल वाचायला वेळ कोणाला आहे. एवढं सगळं झालं की समोरचा म्हणतो, छान आहे, पण लेखनाचा आवाज नीट कळत नाहीये, दुसरा एपिसोडपण लिहून आणता का?

आता गंमत बघा. डेली सोप लिहिणाऱ्याला, कितीही शिव्या घाला त्या सोपला, एपिसोडमागे पैसे मिळतात. कथेचा लेखक वेगळा, पटकथेचा वेगळा, संवादाचा वेगळा, प्रत्येकाचा दर ठरलेला. पैसे उशिरा येतात, कमी येतात, तीन-तीन महिने मागे लागावं लागतं, पण काम केलं तर मोबदला मिळायचा असतो हे तत्त्व तरी तिथे कोणी नाकारत नाही. आणि जो माणूस एक बांधीव, सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट लिहायला बसतो त्याने मात्र ती देवळात अभिषेक घातल्यासारखी लिहायची. बरं, बांधीव गोष्ट टीव्हीवर सांगणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकात तेरा भागांच्या मालिका हा सरळ शिरस्ता होता, तेरा आठवडे, एक तिमाही, गोष्ट संपली, पुढची मालिका. १९९९ ला पहिलं मोठं खासगी मराठी चॅनेल आलं आणि त्यानंतर रोज रात्री अर्धा तास भरायचा धंदा सुरू झाला, तेव्हा गोष्ट संपवायची सवय लेखकांचीही गेली आणि संपलेल्या गोष्टीला पैसे मोजायची सवय देणाऱ्यांचीही गेली.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. पुण्यात राहून मिनी सिरीज लिहायची तर सगळ्यात आधी डोक्यात येतो तो पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, सकाळी धरण फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर येऊन आदळला, तेही धरण गेलं, आणि नारायण, शनिवार, कसबा, पुलाची वाडी, डेक्कन, नदीकाठचं सगळं शहर पाण्याखाली. लकडी पुलावरून पाणी गेलं. नंतर पूरग्रस्तांच्या वसाहती, गोखलेनगरकडच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट, मग चौकशी, आधी बावडेकर आयोग, मग नाईक आयोग. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या घरात जा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे सांगणारं कोणीतरी भेटतंच.

आता हे सहा एपिसोडमध्ये बसवायचंय. पहिला प्रश्न, धरण कधी फोडायचं? ज्या कोणाला ही गोष्ट सांगाल तो प्लॅटफॉर्मवाला तुम्हाला हमखास सांगणार की पहिल्या मिनिटालाच फोडा, पाणी दाखवा, एक आई मुलाला हाका मारतीये, कट, काळा पडदा, ‘३६ तास आधी’. मला हे अजिबात पटत नाही. धरण फुटणार हे बघणाऱ्याला पोस्टर बघूनच माहितीये, त्यात कसला आलाय सस्पेन्स. खरा ताण आहे तो कोणाला काय माहीत होतं आणि त्याने ते कोणाला सांगितलं नाही यात. धरणावरचा इंजिनियर, नारायण पेठेतला वाडा आणि त्यातले पाच भाडेकरू, कलेक्टर कचेरीतला एखादा कारकून, वाळूची पोती उचलणारा जवान. जुनी माणसं सांगतात की पाणी वाढतंय म्हटल्यावर लोक पुलावर बघायला गेले होते, मजा बघायला, पोरांना खांद्यावर घेऊन. हा सीन कुठल्याही व्हीएफएक्सपेक्षा भारी आहे, कारण बघणाऱ्याला माहितीये आणि त्या माणसांना माहीत नाहीये. म्हणून मी धरण तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी फोडीन आणि उरलेले तीन एपिसोड पूर ओसरल्यानंतरचे ठेवीन, कारण वाडा पडला की मालकाची जागा तरी राहते, भाडेकरूचं काहीच राहत नाही, आणि शहर जे बदललं ते त्या चिखलानंतरच्या वर्षांत बदललं.

पण हे ठरवायला, म्हणजे नुसतं ठरवायला, लिहायला नाही, काय लागतं? १९६१ च्या जुलै-ऑगस्टची ‘केसरी’ आणि ‘सकाळ’ची फाइल चाळायला लागते. आयोगापुढे काय मांडलं गेलं ते शोधायला लागतं. धरणाची माती आणि काँक्रीट यांचं काय गणित चुकलं हे एखाद्या इंजिनियरकडून समजून घ्यायला लागतं, तेही तीन वेळा, कारण पहिल्या दोनदा कळत नाही. आणि माणसं भेटायला लागतात. जो तेव्हा पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशीला आलाय. या माणसांकडे एकदा जाऊन चालत नाही, पहिल्या भेटीत ती सगळ्यांना सांगितलेली तीच गोष्ट सांगतात, तिसऱ्या-चौथ्या भेटीत चहा झाल्यावर हळूच सांगतात की पाणी उतरल्यावर शेजाऱ्यांचा पितळी हंडा आमच्याकडे वाहत आला होता आणि आईने तो परत दिला नाही. (हंडा मी रचलाय, पण असलंच काहीतरी निघतं.) अख्खा एपिसोड त्या हंड्यावर उभा राहतो. आणि तो हंडा मिळवायला लेखकाला नोकरीतून रजा काढून दुपारी दोन वाजता सहकारनगरच्या कोणा आजोबांसमोर बसायला लागतं.

ही सगळी मेहनत करून बायबल नेलं आणि समोरचा म्हणाला, सर विषय जबरदस्त आहे पण पीरियड आहे, म्हणजे जुन्या काळातला, त्यात पाणी आहे, आमच्या बजेटच्या बाहेर आहे, तर? तर शून्य. फोटोकॉपीचेपण पैसे नाहीत. मग तोच लेखक पुढच्या वेळी काय करतो? शहाणा असेल तर कोकणातलं एक गाव घेतो, पाऊस घेतो, एक खून घेतो, बायको गेलेला एक इन्स्पेक्टर घेतो, आणि घरबसल्या तीन आठवड्यांत बायबल उरकतो. त्याला दोष देता येत नाही. स्वतःच्या खिशातून वर्ष घालायचं असेल तर माणूस ज्याला संशोधन लागत नाही अशीच गोष्ट निवडणार. आपल्याला एकसारखे क्राइम थ्रिलर बघायला लागतात त्याचं खापर आपण लेखकाच्या कल्पनादारिद्र्यावर फोडतो, पण माझ्या मते अर्धं कारण हे इथे आहे. संशोधनाचे पैसे कोणी देत नाही, म्हणून संशोधन नसलेल्या गोष्टी येतात.

डेकबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतोच. लेखकाने कॅनव्हा, म्हणजे स्लाइड्स बनवायचं ॲप, शिकायचं हे आता गृहीत धरलेलं आहे. नमुन्यादाखल एका ओळखीच्या लेखकाचा डेक उघडून बघितला (त्याची परवानगी घेऊनच लिहितोय), मराठवाड्यातल्या गावाची गोष्ट आहे आणि कव्हरवर जो वाडा आहे तो बहुतेक पोर्तुगालमधला आहे. मुख्य बाईच्या पानावर एका कोरियन नटीचा फोटो, खाली लिहिलंय ‘सुमन, ४२, खंबीर पण आतून तुटलेली’. मराठी डेकमधल्या झाडून सगळ्या बायका खंबीर पण आतून तुटलेल्या असतात, हे एकदा तपासून बघा. पुढे ‘टोन’ नावाच्या स्लाइडवर दोन परदेशी सिरीजची नावं, त्याच्या पुढे ‘हीच गोष्ट आत्ताच का’, मग एपिसोडचे आठ चौकोन, प्रत्येकात चार ओळी, शेवटच्या ओळीला तीन टिंबं. या पोराने पायलट जो लिहिलाय तो खरोखर सुंदर आहे, त्यात गावातल्या पिठाच्या गिरणीत दोन बायकांचा एक सीन आहे, एकीचं दळण दुसरीच्या दळणात मिसळतं आणि त्या दोघी पीठ कोणाचं यावर भांडता भांडता तिसऱ्याच विषयावर पोचतात, जमीन कोणाच्या नावावर आहे त्या विषयावर. तो सीन कोणी वाचलाच नाही. डेक वाचला. कोरियन नटी बघितली.

आणि मीटिंग. पहाटेची शिवनेरी पकडायची, दादरला उतरायचं, लोकलने अंधेरी, तिथून रिक्षाने वर्सोव्याकडे आरामनगरच्या गल्ल्यांत, किंवा ओशिवऱ्याच्या एखाद्या काचेच्या ऑफिसात. तिथे वीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं समोरच्याचा फोन. प्रश्न ठरलेले, हिंदीत होईल का, सीझन टू काय आहे (अहो मिनी सिरीज आहे, संपते ती), नायक थोडा तरुण करता येईल का. मग ‘एक्सायटिंग आहे, डेक मेल करा, टीमशी बोलून कळवतो’. त्या टीमला आजवर कोणी पाहिलेलं नाही. नकार आला तरी चालतो हो, नकार हा या धंद्याचा भागच आहे, पण इथे नकारसुद्धा येत नाही, नुसते निळे टिक.

आता बरेच लेखक इथे चोरीवर येतात, की कल्पना चोरतात, म्हणून लपवून ठेवा, कोणाला सांगू नका. मला वाटतं सरळसरळ चोरी आपण समजतो त्याहून कमी होते, पानशेतवर सिरीज करावी हे एकाच वेळी दहा पुणेकरांच्या डोक्यात येऊ शकतं. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असलेलं बरं, कारण त्याचाही संबंध या फुकटच्या बायबलशी आहे. सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा निकाल आजही प्रत्येक वादात काढला जातो. आनंद हे नाटककार, त्यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे प्रांतवादावरचं नाटक त्यांनी दिल्लीत सिनेमावाल्यांना अख्खं वाचून दाखवलं, म्हणजे आपण ज्याला नॅरेशन म्हणतो तेच, पुढे १९५६ ला ‘न्यू दिल्ली’ सिनेमा आला आणि आनंद यांना वाटलं हे आपलंच आहे. ते हरले. कोर्टाने सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र यावर कॉपीराइट नसतो, ते तुम्ही ज्या रीतीने मांडलं त्या मांडणीवर असतो.

मग लेखक म्हणणार, मांडणीवर हक्क ना, मग सगळं मांडूनच देतो, चाळीस पानं देतो, म्हणजे सुरक्षित. अर्धं बरोबर आहे. पण दुसरा एक रस्ताही आहे, विश्वासभंगाचा. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स, मुंबई हायकोर्ट, २००३. एका निर्मिती संस्थेने चॅनेलला मालिकेची संकल्पना ऐकवली, दिली, पुढे चॅनेलवर तशीच मालिका आली, आणि कोर्टाने मनाई हुकूम कायम ठेवला, कारण विकसित केलेली संकल्पना विश्वासाने सांगितली होती. २००७ ला ऊर्मी जुवेकर या पटकथालेखिकेनेही एका न्यूज चॅनेलला दिलेल्या कार्यक्रमाच्या संकल्पनेवरून मुंबई हायकोर्टातून असाच अंतरिम मनाई हुकूम मिळवला. म्हणजे एकटी लेखिकासुद्धा लढू शकते. पण त्यासाठी तुम्ही काय, कोणाला, कधी आणि गोपनीय म्हणून सांगितलंत याचा कागद लागतो, चाळीस पानं लागतातच असं नाही. आणि आता अनेक मोठ्या ठिकाणी पिच ऐकायच्या आधीच एक रिलीज फॉर्म पुढे करतात, त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की आमच्याकडे अशाच कल्पनेवर आधीपासून काम चालू असू शकतं आणि तुम्ही पुढे दावा लावणार नाही. सही केली नाही तर मीटिंग नाही. नवीन पोरगा डोळे मिटून सही करतो.

तर चोरी हा वेगळा विषय झाला, माझ्या दृष्टीने रोजची चोरी जी होते ती वेळेची होते, आणि ती कायदेशीर आहे हाच तर प्रॉब्लेम आहे.

अमेरिकेत यावर संघटनेचा नियम आहे. तिथल्या रायटर्स गिल्डच्या करारानुसार कंपनीने लेखकाकडून फुकटात लिहून मागायचं नाही, पिच तोंडी, लिहून हवं असेल तर पैसे मोजा, ट्रीटमेंटचा, म्हणजे गोष्ट सविस्तर सांगणाऱ्या टिपणाचा, दर वेगळा, बायबलचा वेगळा, पटकथेचा वेगळा. आता तिथेही सगळं आलबेल नाही, नियम मोडतातच, म्हणून तर गिल्डला मोहीम काढायला लागली की मीटिंगनंतर मागे एकही कागद ठेवून येऊ नका. आणि २०२३ मध्ये ते १४८ दिवस संपावर होते. आपल्याकडे कोणी म्हणेल तिथलं इथे कशाला, त्यांचा पैसा काय आपला काय. पैसा वेगळा आहे हे मान्य, पण ‘लिहून मागितलं तर पैसे’ या वाक्यात डॉलर कुठे आहेत? दर आपला ठेवा ना.

समोरची बाजूपण सांगतो, कारण ती अगदीच खोटी नाही. मराठीतला छोटा निर्माता स्वतःच प्लॅटफॉर्मच्या दारात फुकट उभा असतो. त्याला त्याच्या वेळेचे कोणी देत नाही, होकार आला तरी पैसा हप्त्याहप्त्याने, तोही काम पुढे सरकेल तसा. त्याला दर आठवड्याला पंचवीस जण गोष्टी ऐकवतात, सगळ्यांना पैसे द्यायचे तर त्याने घर विकावं काय? आणि नवीन लेखकाने स्वतःला सिद्ध नको करायला? बरोबर. म्हणून मी असं म्हणतच नाही की येईल त्याला पैसे द्या. लॉगलाइन फुकट, एक पान फुकट, समोरासमोर बसून तासभर गोष्ट ऐकवणं फुकट, आधी लिहिलेला कुठलाही एक नमुना, एकांकिका असेल, शॉर्ट फिल्म असेल, तो वाचायला देणं फुकट. लग्नाचा केटरर ठरवताना आपण दोन पदार्थांची चव बघतो, अख्खी पंगत उठवून मग ठरवत नाही. या तासाभरात आणि त्या नमुन्यात ज्याला कळत नाही की या माणसाला लिहिता येतं का, त्याला चाळीस पानं वाचूनही कळणार नाहीये.

गोष्ट आवडली, पुढे जायचंय, तर तिथून मीटर सुरू. आणि मी फार मोठं काही मागत नाहीये. संशोधन आणि दहा पानी ट्रीटमेंटला एक रक्कम, समजा पन्नास हजार, ती जमली तर बायबलला दुसरी, ते पटलं तर पायलटला तिसरी, आणि कुठल्याही टप्प्यावर दोघांपैकी कोणालाही थांबायची मोकळीक. शूटिंगला सुरुवात झाली की पावसामुळे वाया गेलेल्या एका दिवसात याच्या कितीतरी पट पैसे उडतात आणि तेव्हा कोणी हूं का चूं करत नाही.

आणि खरंच पैसे नसतील तर? तर निर्मात्याने तसं तोंडावर सांगावं आणि हक्कपण मागू नयेत. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आत्ता होतं काय की पैसे शून्य आणि पहिल्याच मेलमध्ये एक करार येतो, त्यात संकल्पना, पात्रं, नावं, पुढचे सीझन, सगळ्या भाषा, सगळी माध्यमं, सगळं कायमचं त्यांच्याकडे. अहो कशाच्या बदल्यात? दुसरा मार्ग आहे, सहा महिन्यांची मुदत ठरवून निर्मात्याला गोष्ट घेऊन फिरायची परवानगी द्यायची, याला शॉपिंग अग्रीमेंट म्हणतात, हक्क लेखकाकडेच, सहा महिन्यांत कुठे जमलं तर दोघांचं भलं, नाही जमलं तर गोष्ट घरी. यात निर्मात्याचा एक रुपया जात नाही. तरीही अशी कलमं सुचवली की समोरच्याचा चेहरा उतरतो, तेव्हा कळतं की अडचण पैशाची नव्हती.

सरकारचं काय? मराठी सिनेमाला अनुदान मिळतं ते सिनेमा पूर्ण करून, समितीला दाखवून. म्हणजे जो सिनेमा पूर्ण करण्याइतके पैसे उभे करू शकला त्याला मदत. ते असू दे, त्याला माझा विरोध नाही. पण लेखनाच्या टप्प्यावर दिलेला पैसा सगळ्यात स्वस्त पडतो हे कोणीतरी मंत्रालयात समजावून सांगायला हवं. वर्षाला वीस लेखक निवडा, प्रत्येकी दोन लाख द्या, सहा महिन्यांची मुदत द्या, हप्ते पाडा, संशोधनाचं टिपण दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. चाळीस लाख झाले. वीसपैकी पंधरा फसतील, फसू द्या. एनएफडीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाची, पटकथा लॅब २००७ पासून आहे, तिथे कथापटांच्या लेखकांना मार्गदर्शक मिळतात आणि त्याचा फायदा झालेला दिसतो, मराठी मालिकालेखनासाठी पुण्यात तसं काही उभं करायला काय हरकत आहे? लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय १९६० पासून आहे, पटकथा शिकवली जाते, १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे आणि दरवर्षी विशीतली पोरं तासाभराची गोष्ट बांधून भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभी करतात. लिहिणारे तयार होतायत, त्यांची कमतरता नाही. ते एकांकिकेतून बाहेर पडले की त्यांच्यातल्या बहुतेकांचं पुढे काय होतं ते कोथरूड-कर्वेनगरमध्ये राहणाऱ्याला विचारा. जाहिरातीची कॉपी लिहितात, किंवा डेली सोपचे संवाद.

आणि कोण टिकतं? ज्याचं पुण्यात स्वतःचं घर आहे तो टिकतो. वडिलांची पेन्शन आहे, भाडं भरायचं नाहीये, तो वर्षभर बायबल लिहू शकतो, आणि त्याचा मला राग नाही, त्यातले काही फार चांगलं लिहितात. पण बीडहून आलेली, चौघींच्या खोलीत राहणारी, दिवसभर कॉल सेंटरला बसणारी मुलगी ऊसतोडीच्या कोयत्यावर आठ एपिसोड लिहू शकते, जे आपल्यापैकी कोणीही लिहू शकणार नाही, ती ते लिहीत नाही कारण रात्री अकराला ती दमलेली असते. मग ऊसतोडीची गोष्ट लिहितो कोण? ज्याने कोयता यूट्यूबवर पाहिलाय तो. आणि मग आपण म्हणतो की ग्रामीण विषय हल्ली खोटे वाटतात.

लेखकांनीपण थोडं ताठ राहायला हवं, हे म्हणणं सोपं आहे हे मला माहितीये, भाडं द्यायचं असताना ताठ राहता येत नाही. एकाने नाही म्हटलं तर रांगेत दुसरा उभा असतो. म्हणून हे एकेकट्याने करून होणार नाही, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व पुण्यातले लेखक ‘ते मुंबईवाल्यांचं’ म्हणून घेत नाहीत हा शुद्ध आळस आहे. आता कथा-पटकथेची नोंदणी तिथे ऑनलाइन होते, खर्च किरकोळ आहे. त्या नोंदणीने तुम्ही मालक ठरत नाही, पण अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं एवढं तरी सिद्ध होतं, आणि वाद झाला तर संघटनेची समिती असते तिच्याकडे जाता येतं. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन रॉयल्टीतला वाटा लेखकाला कायमचा सोडून देता येणार नाही अशी तरतूद झाली, ती किती जणांनी वाचलीये? करारात त्याच्या उलट लिहिलेलं असतं आणि आपण सही करतो.

यंदा भरत नाट्यमधून स्क्रिप्ट गाजवून जे कोणी बाहेर पडतील आणि ज्यांना चार दिवसांत मुंबईहून फोन येईल, ‘तुमची एकांकिका बघितली, सिरीजसाठी काही आहे का’, त्यांना एवढंच सांगणं आहे की जा, नक्की जा, गोष्ट तोंडी सांगा, मस्त रंगवून सांगा, ते तर तुम्हाला स्टेजवरून येतंच. जायच्या आधी एक पान नोंदवून ठेवा. परत येताना बसमध्येच मेल टाका, आज तुम्हाला अमुक गोष्ट विश्वासाने सांगितली, अमुक अमुक हजर होते, भेटून आनंद झाला. बायबल मागितलं तर विचारा, त्याचं मानधन काय आणि कधी. फोनवर दोन सेकंद शांतता होईल, ती तुम्ही भरू नका, समोरच्याला भरू द्या.